आधी खोका भरा, मग सॅक शिवा

नमस्कार ताई,

मी नाशिकला राहते. वय ३८, उंची जेमतेम पाच फूट, वजन ५० किलो. कळसूबाई, रतनगड, हरिहर, हरिश्चंद्रगड असे ट्रेक दहा वर्षं करते आहे. येत्या डिसेंबरअखेर आम्ही चौघीजणी उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातोय. वाटाड्या बरोबर असेल, पण खेचर किंवा पोर्टर न घेता तंबू, स्लीपिंग बॅगा, शिधा सगळं आपापल्या पाठीवर न्यायचं ठरलंय. माझ्याकडे भावाची ६५ लिटरची सॅक आहे. ती रिकामीच २ किलो ४०० ग्रॅम भरते. मागच्या थंडीत ती घेऊन हरिश्चंद्रगडावर मुक्कामाला गेले, तर खांदे सोलवटले आणि उजव्या हाताच्या बोटांना दोन दिवस मुंग्या येत होत्या. आता एक हलकी सॅक मापानं शिवून घ्यावी असं वाटतंय. अमेरिकेतल्या एका कारागिराकडे ६०० ग्रॅमची, बिनफ्रेमची सॅक मिळते, पण पाठवणी आणि कस्टम ड्यूटी धरून ती चौतीस हजारांच्या घरात जाते. इथे शहरात बॅगा शिवणारे एक काका आहेत. ते म्हणतात, कापड आणि माप आणा, नऊ हजारांत शिवून देतो. घरचे विचारतात, एका पिशवीवर एवढे पैसे? किती लिटरची घेऊ, कापड कोणतं आणि कोणाकडून?

– एक भटकी, नाशिक

सप्रेम नमस्कार,

लिटर आणि कापडाचं नंतर बोलू. आधी तुमच्या उजव्या हाताबद्दल.

मानेतून निघालेल्या नसांचा जुडगा हासळीच्या हाडाखालून (कॉलरबोनखालून) जाऊन हातात उतरतो. सॅकचा पट्टा नेमका त्याच जागेवर बसतो. ओझं बराच वेळ खांद्यावरच लटकत राहिलं की या नसा दाबल्या जातात. त्यामुळे बोटांना मुंग्या येतात, हात जड वाटतो आणि फार झालं तर हाताची ताकदही काही काळ जाते. डॉक्टरांकडे याला ‘रकसॅक पाल्सी’ असं नावच आहे. तुमच्या बाबतीत कारण बहुधा त्या सॅकच्या लांबीत आहे. भावाच्या पाठीला बसणारी सॅक पाच फुटांच्या बाईच्या पाठीवर आली की तिचा कंबरपट्टा हाडावर न टेकता खाली कुल्ल्यांवर घसरतो. तो कितीही आवळला तरी ओझं पेलत नाही, मग सगळा भार खांद्यांवर येतो. तुम्ही दहा वर्षं डोंगर चढताय. तुमच्या खांद्यात काही कमी नाही, सॅक चुकीची होती.

सह्याद्रीत मुंग्या आल्या तर सॅक उतरवून हात झटकता येतात. बर्फात गोष्ट वेगळी. तिथे बोटं बधिर झाली की ती पट्ट्यामुळे झाली की थंडीमुळे, हे चालता चालता कळत नाही. पट्ट्यामुळे झाली असतील असं समजून हिमदंशाकडे दुर्लक्ष होऊ शकतं. म्हणून तुमच्यासाठी सॅकची पहिली परीक्षा एकच ठेवा: ओझं कमरेच्या हाडांवर बसतंय का? वजन, कापड, खिसे, रंग सगळं त्यानंतर. आणि हलकं ओझं असतानाही मुंग्या येत असतील, तर निघायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच.

आता ओझ्याचा हिशेब करू. केदारकंठ्याचा माथा १२,५०० फुटांवर आहे आणि पायथ्याचं सांकरी गाव साधारण साडेसहा हजार फुटांवर. डिसेंबरअखेरच्या रात्री वरच्या मुक्कामावर पारा उणे दहाच्या आसपास जाऊ शकतो, त्यामुळे सामान त्या बेतानं घ्यावं लागतं. उणे दहाला निवांत झोपता येईल अशी पिसांची स्लीपिंग बॅग साधारण १ किलो ४०० ग्रॅम. बर्फावर एक कॅरीमॅट पुरत नाही. खाली फोमची आणि वर हवेची अशा दोन लागतात, त्यांचे ९०० ग्रॅम धरा. तंबूचा तुमचा वाटा सव्वा किलो. फुगीर जॅकेट आणि बाकीचे गरम कपडे दीड किलो. चार दिवसांचा शिधा दिवसाला साडेसहाशे ग्रॅमप्रमाणे २ किलो ६०० ग्रॅम. स्टोव्ह, भांडं, गॅस यांचा वाटा ७०० ग्रॅम. दीड लिटर पाणी म्हणजे दीड किलो. मायक्रोस्पाइक्स (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांखाली चढवायचे दाते), गेटर्स (बुटांत बर्फ शिरू नये म्हणून पोटऱ्यांवर चढवायच्या खोळी), टॉर्च, औषधं मिळून दीड किलो. बेरीज साडेअकरा किलोंच्या आसपास जाते, आणि त्यात सॅक अजून धरलेलीच नाही.

सव्वा किलोची सॅक धरली तरी पाठीवर पावणेतेरा किलो होतात. हे तुमच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून थोडं जास्तच आहे. एवढं ओझं बिनफ्रेमच्या सॅकला पेलत नाही. बिनफ्रेमची सॅक आठ-नऊ किलोंपर्यंत छान चालते. त्यापुढे तिची पाठ मधेच दुमडते, कंबरपट्ट्याकडे भार उतरतच नाही आणि पुन्हा सगळं खांद्यांवर येतं. म्हणजे ६०० ग्रॅमची सॅक विकत घेऊन तुम्ही हरिश्चंद्रगडचीच अवस्था उणे दहात पुन्हा आणाल. त्या कारागिराचं काम उत्तम असेल, यात मला शंका नाही. पण अशा सॅक उन्हाळी, लांब पल्ल्याच्या आणि फार कमी सामान नेणाऱ्या चालणाऱ्यांसाठी बनतात. तुमचं काम वेगळं आहे.

चौघी आहात, तर जाता जाता आणखी एक सांगते. ओझ्याची वाटणी समसमान करू नका, प्रत्येकीच्या वजनाप्रमाणे करा. तुमच्यात कोणी पासष्ट किलोची असेल तर तंबूचे खांब आणि पहिल्या दोन दिवसांचा शिधा तिच्याकडे द्या. यात कोणी कोणावर उपकार करत नाही. एकीचा खांदा गेला तर चौघींनाच परतावं लागतं.

किती लिटरची, हे ठरवायची एकच खात्रीची रीत मला माहीत आहे. घरातला एखादा मोठा पुठ्ठ्याचा खोका घ्या. वर लिहिलेलं सगळं सामान, म्हणजे खरंच सगळं, शिध्याच्या पुड्यांसकट, जसं सॅकमध्ये भराल तसं दाबून त्यात भरा. ज्या उंचीपर्यंत भरेल तिथे रेघ मारा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजारानं भागा. उत्तर लिटरमध्ये येईल. त्यात पाच लिटर जास्तीचे धरा, कारण थंडीत बधिर हातांनी तंबू गुंडाळताना तो घरच्यासारखा बारीक गुंडाळला जात नाही.

माझा अंदाज असा की पिसांची स्लीपिंग बॅग असेल तर तुमचा आकडा पन्नासच्या जवळ येईल. कृत्रिम धाग्यांची असेल तर साठ ओलांडेल, कारण तेवढीच ऊब देणारी कृत्रिम बॅग जवळजवळ दुप्पट जागा खाते. तशी बॅग असेल तर सॅकवर पैसे घालू नका. पिसांची बॅग भाड्यानं घ्या. सॅक दहा लिटरनं लहान होईल आणि पाठीवरचे सहा-सातशे ग्रॅमही उतरतील. सॅक हलकी करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे आतलं सामान लहान करणं. म्हणूनच सॅक सगळ्यात शेवटी ठरवायची. बहुतेक जण उलटं करतात. आधी ६५ लिटरची सॅक घेतात आणि मग जागा उरली म्हणून ती भरत बसतात.

खोका भरून झाला की तुमची पाठ मोजायची. उंचीवरून पाठीचा अंदाज बांधू नका. पाच फुटांच्या दोन बायकांच्या पाठीत चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो. मान पुढे झुकवा. मानेच्या तळाशी जो मणका सगळ्यात जास्त बाहेर आलेला हाताला लागतो, ती वरची खूण. आता दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागे आणि कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर टेकलेले. दोन अंगठ्यांना जोडणारी आडवी रेघ कण्याला जिथे छेदते, ती खालची खूण. मग सरळ उभं राहून टेप पाठीच्या बाकाला चिकटवून दोन खुणांमधलं अंतर घ्या. वेगवेगळ्या वेळी तीनदा घ्या आणि दुसऱ्याकडून घ्या, स्वतःचं स्वतः नको. तुमचं माप ३८ ते ४२ सेंटिमीटरच्या मधे कुठेतरी येईल असं वाटतं.

कमरेचं माप मात्र दोनदा घ्यायचं: एकदा नुसत्या थर्मलवर आणि एकदा थर्मल, फ्लीस आणि बाहेरचं जॅकेट असं सगळं चढवून. उन्हात चालताना तुम्ही कपडे उतरवाल आणि पहाटे माथ्याकडे निघताना सगळे चढवाल. कंबरपट्टा दोन्ही वेळी घट्ट बसला पाहिजे. पट्टा पूर्ण आवळल्यावरही पुढे दोन गाद्यांच्या मधे निदान चार बोटांची फट राहिली पाहिजे, नाहीतर आणखी आवळायला जागाच उरत नाही. खांद्याचे पट्टे इंग्रजी ‘एस’सारखे वळणदार कापायला सांगा. सरळ पट्टे बायकांच्या छातीवर आणि काखेत काचतात. तयार सॅक मुख्यतः इथेच फसतात, आणि शिवून घेण्याचा खरा फायदाही इथेच आहे. ग्रॅम वाचणं ही त्याच्यापुढे दुय्यम गोष्ट.

म्हणून माझा कौल काकांना, पण एका अटीवर. आपण शिंप्याकडे ब्लाउज टाकताना मापाचं जुनं ब्लाउज देतो. सॅकच्या बाबतीत तुमच्याकडे मापाची सॅक नाही, आहे ती न बसणारी. तेव्हा काकांना आधी मांजरपाटाची सॅक शिवायला लावा. खिसे नकोत, कडा दुमडायला नकोत, नुसती पाठ, खांद्याचे पट्टे आणि कंबरपट्टा. तिच्यात तांदळाच्या पिशव्या घालून दहा किलो करा, थंडीचे सगळे कपडे चढवा आणि पांडवलेणीच्या पायऱ्या दोनदा चढून उतरा. खाली आल्यावर आरशात बाजूनं पाहा. कंबरपट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या कडेवर आहे का? खांद्याचा पट्टा खांद्याला मागून पुढे सगळीकडे टेकलाय का, की वर फट राहिली आहे? पट्टे थोडे सैल केले तरी सॅक कमरेवर उभी राहते का? जे खटकेल तिथे पेनानं खूण करा आणि तसंच काकांकडे न्या. त्या खुणांवरून खरं कापड कापायचं. मांजरपाटाला काही शे रुपये लागतील आणि काकांचे दोन दिवस जातील, त्याचे वेगळे पैसे त्यांना आनंदानं द्या. यासाठी ते तयार नसतील तर त्यांच्याकडून शिवू नका. अशा वेळी ज्यात पट्ट्यांची उंची खालीवर करता येते अशी बायकांची तयार ५० लिटरची सॅक दुकानात वजन भरून घालून बघा आणि बसली तर घ्या. ती दोन किलोंच्या आसपास असेल, पण नीट बसणारी दोन किलोंची सॅक न बसणाऱ्या सव्वा किलोच्या सॅकपेक्षा पाठीला हलकी लागते.

फ्रेमसाठी काकांना मोठं काही करावं लागत नाही. अर्धा इंच रुंद आणि तीन मिलिमीटर जाड अशा ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या, प्रत्येकी ५५ सेंटिमीटर. दोन्ही मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आत बसतात. पाठीच्या आतल्या बाजूला त्यांच्यासाठी दोन उभे खोळ शिवायचे. खोळाचं खालचं टोक थेट कंबरपट्ट्याच्या शिलाईशी जोडलेलं हवं, नाहीतर पट्ट्या नुसत्या शोभेच्या राहतात. त्या काढून गुडघ्यावर दाबून तुमच्या पाठीच्या बाकाप्रमाणे वाकवायच्या. टोकं कानशीनं गोल करून त्यांवर रबराच्या टोप्या बसवा, नाहीतर महिन्याभरात खोळ फाटतो.

पाठीला गादी कसली, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण थंडीत तो कापडाइतकाच महत्त्वाचा आहे. बॅगा शिवणारे सहसा स्पंज घालतात आणि वर जाळी लावतात, घाम सुकावा म्हणून. आपल्याकडे मे महिन्यात ते ठीक आहे. बर्फात सॅक खाली ठेवली की जाळीत बर्फ भरतो, पाठीच्या उबेनं वितळतो, स्पंज ते पाणी पितो आणि रात्री त्याची फळी होते. एका हिवाळ्यात हिमाचलात मी अशी गोठलेली सॅक पहाटे पाठीवर चढवली आहे. पट्टे वाकत नव्हते आणि पाठीतून शिरलेली थंडी दोन तास गेली नाही. तेव्हा जाळी नको, स्पंज नको. पाणी न पिणारा ईव्हीए फोम घ्या, आठ-दहा मिलिमीटरचा, वर गुळगुळीत कापड, बर्फ हातानं झटकला की निघून जाईल असं. पाठीचा फोम काढता येईल असा ठेवायला सांगा. मुक्कामावर तो बसायला होतो आणि रात्री पायांखाली अंथरता येतो.

त्याच सहलीत कंबरपट्ट्याचं बक्कलही तुटलं. मला एका ठिकाणाहून शिवून मिळालेल्या सॅकला साध्या दप्तराला लावतात तसलं बक्कल होतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. गोठवणाऱ्या सकाळी दाबलं आणि एक दाता निखळला. दोरीनं गाठ मारून दिवस काढला, पण गाठ चालताना आवळता येत नाही. संध्याकाळपर्यंत दोन्ही खांदे बधिर झाले होते. म्हणून कळकळीनं सांगते, बक्कलं स्वतः विकत घेऊन काकांना द्या. ॲसिटल प्लास्टिकची, नावाजलेल्या कंपनीची, कमरेचं ३८ मिलिमीटरचं, म्हणजे जाड हातमोज्यातूनही दाबता येईल. शिवाय कमरेचं आणखी एक बक्कल असं घ्या की ज्याची दांडी मधे चिरलेली असते आणि जे शिलाई न उसवता पट्ट्यात सरकवता येतं. ते औषधांच्या डब्यात ठेवा.

कापडाबद्दल लोक तासन्‌तास बोलतात, मी थोडक्यात सांगते. ५० लिटरच्या सॅकला साधारण दीड चौरस मीटर कापड लागतं. हजार डेनियरचं जाड कॉर्ड्युरा चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, २१० डेनियरचं आतून लेप दिलेलं रिपस्टॉप नायलॉन दीडशेच्या आसपास. (डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आकडा मोठा तितका धागा जाड.) म्हणजे या जड आणि हलक्या कापडात सगळ्या सॅकमागे तीनशे ग्रॅमचाच फरक पडतो. तुमच्या जुन्या सॅकचे २,४०० ग्रॅम नुसत्या कापडात गेलेले नाहीत. ते गेलेत वरच्या टोपीत आणि तिच्या दोन खिशांत, पुढच्या मोठ्या चेनमध्ये, तळाच्या वेगळ्या कप्प्यात, जाडजूड गाद्यांमध्ये आणि कधी न वापरलेल्या पट्ट्यांत. हे सगळं गाळलं की सॅक आपोआप बाराशे-तेराशे ग्रॅमवर येते.

परदेशी सॅकमध्ये एक्स-पॅक आणि डायनीमा ही नावं दिसतात. दोन्ही थरांची कापडं शिडाच्या बोटींच्या जगातून आलेली आहेत. ती पाणी पीत नाहीत, म्हणून ओली होऊन जड होत नाहीत. बर्फात हा गुण मोलाचा आहे. पण डायनीमा महाग असतं आणि साधारण १४५ अंशांना वितळतं, स्टोव्हजवळ फार सांभाळावं लागतं. चार दिवसांच्या ट्रेकसाठी मी त्याच्यामागे लागणार नाही. एक्स-पॅक मीटरवर मिळालं आणि परवडलं तर जरूर घ्या. नाहीतर अंगाला २१० डेनियरचं रिपस्टॉप आणि तळाला ४२० किंवा ५०० डेनियरचं, एवढं पुरे आहे. मायक्रोस्पाइक्सचे दाते आणि बर्फाची गोठलेली कड यांचा मार तळाला आणि पुढच्या खिशाला बसतो, तिथेच जाड कापड लावा. बाहेरून नारिंगी किंवा लाल, बर्फात लांबून दिसेल असा रंग घ्या. आतून शक्य तितकं फिकं ठेवा. पहाटे चारला टॉर्चच्या उजेडात काळ्या पिशवीच्या तळातून मोजा शोधायला लागतो तेव्हा याचं महत्त्व कळतं.

कापड कितीही पाणीरोधक असलं तरी सुईच्या भोकांतून पाणी शिरतंच. तेव्हा वरच्या रेनकव्हरवर पैसे घालू नका. आत एक जाड प्लास्टिकची मोठी पिशवी ठेवा आणि स्लीपिंग बॅग व पिसांचं जॅकेट तिच्यात घालून तोंड पिळून बांधा. पिसं ओली झाली की ऊब संपते, आणि तिथे ती सुकत नाहीत.

तोंडाला चेन नको. चेनच्या दात्यांत बर्फ बसला की ओढताना ती उसवते. तोंड गुंडाळून दोन बाजूंना बक्कल लावायची पद्धत घ्या. सामान कमी झालं की तोंड आणखी गुंडाळता येतं आणि सॅक आखडते. चेन ठेवायचीच असेल तर एका लहान खिशाला, आठ नंबरची, आणि तिला बोटभर लांबीची गाठ मारलेली दोरी, हातमोज्यात पकडता येईल अशी. बाजूचे दोन खिसे खोल आणि लवचीक कापडाचे, तोंड थोडं पुढे झुकलेलं, म्हणजे सॅक न उतरवता बाटली काढता येईल. नळीची पाण्याची पिशवी नेऊ नका, पहिल्या तासातच नळी गोठेल. रुंद तोंडाच्या बाटलीवर लोकरी मोजा चढवा आणि ती उलटी ठेवा. पाणी वरून गोठायला लागतं. बाटली उलटी असली की बर्फ बुडाकडे जमतो आणि झाकण मोकळं राहतं. पुढच्या बाजूला एक मोठा उघडा खिसा असू द्या, ओले गेटर्स आणि तंबूचं ओलं वरचं कापड कोंबायला. कॅरीमॅट बाहेर आडवी बांधू नका, वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याकडे चढताना झाडीत ती अडकत राहते. उभी, एका बाजूला बांधा, किंवा सॅकच्या आत नळकांड्यासारखी उलगडून तिच्या मधे सामान भरा.

शिलाईबद्दल काकांशी बोलताना तीन गोष्टी नक्की करून घ्या. दोरा जाड पॉलिएस्टरचाच हवा, सुती नको. खांद्याचे पट्टे, कंबरपट्टा आणि उचलायची मूठ जिथे जोडली जाते तिथे नुसती सरळ शिलाई चालणार नाही, बारटॅक (एकाच जागी घातलेल्या दाट टाक्यांची पट्टी) मारलेला पाहिजे. आणि बाकीच्या शिलाईचे टाके फार दाट नकोत, इंचाला आठच्या आसपास बस. टाके दाट झाले की कापडाला भोकांची रांग पडते आणि तिथूनच ते तिकिटासारखं फाटतं. काकांना हे ठाऊक असेलच, तरी तुम्ही विचारलंत तर काम मन लावून होईल.

आता घरच्यांचा प्रश्न. शिलाईचे नऊ हजार, त्यात चांगलं कापड, फोम, बक्कलं आणि मांजरपाटाची खटपट धरली तर तेरा-चौदा हजारांपर्यंत जाल. रक्कम लहान नाही, आणि त्यांनी विचारलं यात त्यांचं चुकलं नाही. त्यांना ते मुंग्यांचं सांगितलंत का? सांगितलं नसेल तर सांगा. भावाची सॅक भरून एकदा त्यांच्या देखत पाठीवर घ्या आणि कंबरपट्टा कुठे येतो ते दाखवा. नवी सॅक नीट शिवली तर ती दहा-पंधरा वर्षं जाते, आणि काका गावातच असल्यामुळे पट्टा उसवला तर शंभर रुपयांत नीट होईल. अमेरिकेतल्या सॅकची दुरुस्ती करायला ती परत समुद्रापलीकडे पाठवावी लागली असती.

वेळेचं गणित कडक ठेवा. खोका या आठवड्यात भरा. मांजरपाटाची सॅक दसऱ्याच्या आत अंगावर चढली पाहिजे, म्हणजे खरी सॅक दिवाळीनंतर हातात येईल. दिवाळीच्या तोंडावर काकांकडे इतर कामांची गर्दी असणार, हे धरून चाला. नोव्हेंबरात पूर्ण ओझं घेऊन एक मुक्काम अंजनेरीच्या परिसरात किंवा कळसूबाईच्या पायथ्याशी करा. त्या रात्री सॅक तंबूच्या आत, पायांशी घ्यायची सवय लावा. घामानं ओले झालेले पट्टे बाहेर राहिले तर केदारकंठ्यावर सकाळी ताठ झालेले मिळतील.

पाठीचं माप, कमरेची दोन्ही मापं आणि खोक्याचा आकडा मला पाठवा. मांजरपाटाची सॅक घातलेला एक फोटो समोरून आणि एक बाजूनं हवा. पट्टे कुठे जोडायचे ते त्यावर खूण करून परत पाठवते, तोवर काकांना खरं कापड कापू देऊ नका.